घिसरी नाला : घाटमाथा आणि धानाची बांधी



नदीवर व्याख्यान देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. नदीला उगमाची कथा असते, काठावर घाट आणि देवळे असतात, पुराणात उल्लेख असतो. नाल्याला यातले फारसे काही नसते. तरीही आजच्या व्याख्यानासाठी मी घिसरी नाला निवडला आहे. बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे १४ किलोमीटर गेले की गांगुलपारा येते. पावसाळ्यात तिथला धबधबा आणि तलाव पाहायला शहरातली मंडळी जातात. तो तलाव घिसरीचे पाणी अडवून झाला आहे आणि आसपासच्या गावांची शेती त्यावर भिजते. माझा मुद्दा आरंभीच सांगून टाकतो. वैनगंगेच्या पूर्वेला पसरलेल्या या मुलखात माणसे कशी वसली, त्यांनी काय पिकवले आणि दुष्काळात ती कशी मोडली, हे नदीच्या काठावर उभे राहून कळत नाही. त्यासाठी नाल्याच्या पाणलोटात शिरावे लागते. आपली दप्तरे मात्र गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य या हिशेबाने लिहिली गेली. पाणलोटाच्या हिशेबाने ती कधी लिहिलीच नाहीत. त्यामुळे या भागाच्या इतिहासाचे काही अर्थ चुकीचे लागले आणि आजचे काही निर्णयही त्याच चुकीतून होत आहेत.

प्रथम भूगोल पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. बालाघाट जिल्ह्याचा वरचा भाग म्हणजे सातपुडा-मैकलचे पठार, बैहर आणि परसवाड्याचे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, आणि बालाघाट शहराची ३०० मीटरच्या आत. म्हणजे थोड्याशा अंतरात जमीन निम्म्याने खाली उतरते. पठारावर एक पाणीवाटपाची रेषा आहे. तिच्या पलीकडे पडलेला पाऊस बंजर, हालोन अशा नद्यांतून नर्मदेला आणि अखेर खंभातच्या आखाताला मिळतो. अलीकडे पडलेला पाऊस नहरा, उसकाल, देव, सोन, घिसरी अशा प्रवाहांतून वैनगंगेच्या खोऱ्यात, तिथून प्राणहितेत, गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जातो. या सगळ्या डोंगरउतारावर खडक कठीण आहे. तिरोडीच्या नावाने भूवैज्ञानिक ज्याला ओळखतात तो नीस खडक याच जिल्ह्यातला. मँगनीज असलेल्या खडकाच्या एका जातीला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले, तोही याच पट्ट्यातला. असा खडक पाणी पोटात फारसे धरत नाही. वर्षाचा दीड हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो आणि खडकावरून धावत सुटतो. त्याला थोपवणारे दोनच : उतारावरचे जंगल, आणि जंगलाच्या पायथ्याशी माणसाने घातलेली पाळ. म्हणून घिसरीसारखा नाला श्रावण-भाद्रपदात दगड लोटत येतो आणि उन्हाळा लागला की डोहाडोहांत तुटतो. काही ठिकाणी रेतीत झिरा खणल्याशिवाय त्याचे पाणी दिसतही नाही.

येथे पहिला आक्षेप येतो. वर्षातले निम्मे महिने जो आटलेला असतो त्याला इतिहासाचा कर्ता कसे म्हणावे? इतिहास घडवायचा तर बारमाही वैनगंगेने. हा आक्षेप ऐकायला सयुक्तिक वाटतो, पण धानाच्या शेतीची गरज लक्षात घेतली की तो टिकत नाही. वैनगंगेचे पात्र काठच्या शेतांपेक्षा खोल आहे. पंप आणि मोठा पक्का बंधारा या दोन गोष्टी नव्हत्या तोवर तिचे पाणी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, चढवणे शक्य नव्हते. वैनगंगेवरचा ढुटीचा बंधारा आणि त्याचे कालवे ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली गोष्ट आहे. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या सिंचन आयोगापूर्वी मध्य प्रांतात सरकारी सिंचन जवळजवळ नव्हतेच. मग त्याआधी शेकडो वर्षे धान कशावर पिकला? नाल्यावर, आणि नाला अडवून केलेल्या तलावांवर आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर. नदी मोठी असूनही शेताच्या कामाची नव्हती. नाला लहान होता म्हणूनच गावच्या माणसांना मातीच्या पाळीने तो अडवता आला. घाटाच्या पायथ्याशी जागाही अशी मिळते की वर मोठा पाणलोट, मधे निघायला अरुंद वाट, आणि खाली मंद उताराचे मैदान. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्याही खालच्या बोडीत, अशी साखळी या उताराला आपोआप सुचते. पाळीखालची जमीन पाझरावर ओली राहते म्हणून तिथे भाजीपाला पिकवणारे मरार असत. तलावात मासळी आणि शिंगाडा घेणारे ढीमर असत. गावाच्या जातवार वस्तीचा नकाशाही पाण्याच्या वाटेवरच बसलेला दिसतो.

ही कला कोणाची? गोंड राजवटीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क देण्याची पद्धत होती, आणि दक्षिणेकडच्या भंडारा-गोंदियाच्या बाजूला कोहळी समाजाने त्या पद्धतीचा पुरेपूर उपयोग केला. नवेगावचा बांध हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. नागपूरकर भोसल्यांच्या काळात पोवार मंडळी वैनगंगेच्या खोऱ्यात पसरली. कटकच्या मोहिमेत भोसल्यांना केलेल्या मदतीबद्दल त्यांना इथे पडीक आणि जंगली जमिनी मिळाल्या, असे रसेल आणि हिरालाल यांनी जातिजमातींवरील ग्रंथात नोंदवले आहे. धानाची शेती आणि पाळ घालण्याचे काम यांत पोवारांचा हात धरणारे थोडेच. लांजीपासून वारासिवनी-कटंगीपर्यंतच्या बोलीत आजही मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी यांची जी सरमिसळ ऐकू येते ती या स्थलांतरांची खूण आहे. ती सरमिसळ वैनगंगेच्या एका काठावर थांबत नाही. जिथवर धानाची बांधी आहे तिथवर ती जाते, आणि घाट चढून वर गेले की तिचा पोत बदलतो.

घाटमाथ्याचा विषय निघालाच आहे, तर एका जुन्या समजुतीला उत्तर देणे भाग आहे. इंग्रजी अमदानीतले लिखाण, अगदी १९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली बालाघाटची नोंदसुद्धा, सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिल्ह्याचा वरचा भाग शिरकाव होऊ नये असे ओसाड रान होता, आणि लछमन नाईक याने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली. लछमन नाईकाचे कर्तृत्व मोठे आहे, ते मी कमी लेखत नाही. पण ‘ओसाड’ हा शब्द महसुली आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती ओसाड, एवढाच त्याचा अर्थ. त्याच नोंदीत पुढे घडीव दगडांच्या एका जुन्या मंदिराचा उल्लेख येतो, आणि तो आधीच्या वाक्याला छेद देतो. १८७० साली याच जिल्ह्यातल्या मऊच्या भागात गुंगेरिया येथे ४२४ तांब्याची हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र सापडले. इतके तांबे घडवणारी माणसे रिकाम्या रानातून आली नसतील. वाकाटक राजा दुसरा पृथ्वीषेण याचे ताम्रपट बालाघाटच्या नावानेच ओळखले जातात. दुसऱ्या प्रवरसेनाच्या तिरोडी ताम्रपटात कोसंबखंड नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. जे गाव दान देता येते ते पिकत असणारच. वरच्या उतारांवर बैगांची बेवर शेती होती. ती नांगराने होत नसे. झाडे तोडून, जाळून, राखेत बी टाकून दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि मग ती जागा पुन्हा रानाला सोडायची. सरकारी वनखात्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेवरवर बंधने आणली ती लाकडाच्या हिशेबाने. बेवरने उताराचे नुकसान किती होते हा वादाचा विषय आहे आणि दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे आहे. माझे म्हणणे इतकेच की नाल्याच्या माथ्यावर माणूस होता आणि पायथ्याशीही होता. दप्तरात मात्र फक्त पायथ्याचा माणूस शेतकरी म्हणून आला.

१८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला. तेव्हा मुख्य ठाण्याचे नाव बुढा होते. अशा जोडून केलेल्या जिल्ह्याला काही अभ्यासक कृत्रिम म्हणतात. वर गोंड-बैगांचे पठार, खाली पोवार-मराठ्यांचे मैदान, यांचा एकमेकांशी संबंध काय, असा त्यांचा प्रश्न असतो. भाषेने, जातीने, पिकाने पाहिले तर प्रश्न योग्य आहे. पाण्याने पाहिले तर मात्र उत्तर उलटे येते. आधीच्या वाटणीत घाटमाथा एका जिल्ह्यात आणि त्याच घाटावरून उतरणाऱ्या पाण्यावर जगणारे मैदान दुसऱ्या जिल्ह्यात होते. १८६७ च्या जोडणीने, हेतू काहीही असो, नाल्याचा माथा आणि पायथा एका जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली आला. या जोडणीचा फायदा पाण्याच्या कारभाराला व्हायला हवा होता. झाला नाही, कारण वरचा उतार वनखात्याच्या नकाशात गेला आणि खालचे शेत महसूलखात्याच्या. दोन जिल्ह्यांमधली रेषा पुसली आणि तिच्या जागी दोन खात्यांमधली रेषा आली. ही दुसरी रेषा अधिक घट्ट निघाली.

तलावांची खरी परीक्षा १८९६ ते १९०० या पाच वर्षांतल्या दुष्काळांत झाली. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १५ टक्क्यांनी घटून ३,२६,५२१ वर आली. १९०० च्या मे महिन्यात दुष्काळी मदतीवर असलेल्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. म्हणजे जवळजवळ दर तीन माणसांमागे एक. कोणी म्हणेल, नाला आणि तलाव एवढे समर्थ होते तर ही वेळ का आली? हा सर्वांत कठीण आक्षेप आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. धानाला सगळ्यांत नाजूक काळ तो निसवतो तेव्हाचा, आश्विनातला. १८९६ मध्ये पाऊस वेळेआधी गेला. अशा वर्षी श्रावणात भरलेला तलाव शेवटचे एक-दोन पाणी देऊन पीक वाचवू शकतो आणि तलाव बांधण्याचे मूळ प्रयोजनच ते आहे. पण ज्या कास्तकाराची बांधी पाटाच्या टोकाला होती त्याच्यापर्यंत ते पाणी पोचण्याची हमी नव्हती. १८९९ चा पाऊस आरंभापासूनच हुकला. जिथे पाऊसच नाही तिथे नाला काय आणणार? तलाव पावसाची वेळ सावरतो, पावसाची गैरहजेरी सावरत नाही. शिवाय पहिल्या दुष्काळात बैल, बियाणे आणि माणसांतली ताकद संपलेली होती. दुसरा दुष्काळ तशा मोडलेल्या घरांवर आला. तलावांची मर्यादा मी लपवत नाही. पण ती मर्यादा पाहून त्यांना निरुपयोगी ठरवणे म्हणजे दोन वेगळ्या दुष्काळांना एक समजणे होय.

पाटाच्या टोकाचा कास्तकार हा मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनदारीच्या, इतिहासातला काटा आहे. जुन्या तलावांचे गुणगान करताना काही लेखक मालगुजारांचेही गुणगान करून बसतात. ते मला मान्य नाही. तलाव मालगुजाराच्या नावावर असे, पाळीवरची माती मात्र बहुधा बेगारीने पडे, आणि पाणी आधी मालगुजाराच्या बांधीत जाई. ‘मध्य प्रदेश मालकी हक्क नष्टीकरण कायदा, १९५०’ ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारी गेली, हे न्याय्यच झाले. मात्र त्या कायद्याने तलावाची मालकी सरकारकडे आणताना दुरुस्तीचे कर्तव्य कोणाच्याच पदरात ठामपणे घातले नाही. पूर्वी उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळीची भोके बुजवायची, सांडवा मोकळा करायचा, हे कोणी करायचे ते अन्याय्य रीतीने का होईना ठरलेले होते. नंतर ते ठरलेलेच राहिले नाही. त्या वेळी बालाघाट, भंडारा, चांदा हे सगळे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होते, त्यामुळे हा धक्का सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच बसला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. आज पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मोजलेले आहेत आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा तिथे निदान होते. बालाघाटकडच्या त्याच कुळातल्या तलावांना असे एक सामूहिक नावही लाभले नाही. बाघ आणि बावनथडी या सीमेवरच्या नद्यांवर दोन राज्यांनी मिळून प्रकल्प केले. गोदावरी पाणीवाटप लवादाने १९८० मध्ये निवाडा दिला. नद्यांचे पाणी दोन राज्यांनी दशकानुदशके मोजले. नाल्यांकडे मात्र ही मोजणी कधी वळलीच नाही.

यावर सिंचन अभियंते म्हणतील की पाणलोट हे एकक धरायला आम्ही केव्हाच सुरुवात केली आहे. हनुमंत राव समितीनंतर १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांनी सुमारे ५०० हेक्टरचा सूक्ष्म पाणलोट हाच कामाचा घटक ठरवला. हे खरे आहे आणि त्या सूचनांनी देशभर चांगली कामेही झाली. पण तिथे पाणलोट हा कामाचा घटक आहे, तोही निधी असेपर्यंत. तो हक्काचा आणि नोंदीचा घटक नाही. काम संपले की फलक राहतो आणि कागद पुन्हा गावाच्या खात्यात जातो. संरक्षणाच्या कायद्याकडे पाहिले तर चित्र आणखी विदारक आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून नदीनाल्यांची पात्रे वगळली, धानशेती वगळली आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. घिसरीच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो पाहा. नाला व्याख्येबाहेर, गांगुलपाऱ्याचा तलाव व्याख्येबाहेर, खालची बांधी व्याख्येबाहेर. डोंगरापासून ताटापर्यंतची पाण्याची सगळी वाट कायद्याच्या नजरेतून निसटते. या उताराखाली पिकणाऱ्या सुवासिक चिन्नौर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा प्रत्येक बालाघाटकराला आनंद आहे, मलाही आहे. पण भूगोलाचे मानांकन तांदळाला मिळाले आणि ज्या पाण्यावर तो पिकतो त्याला नाही, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही.

बालाघाट-बैहर रस्त्यावरच भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण आहे, देशातल्या मोठ्या खाणींपैकी एक. खाणीवर हजारो कुटुंबे जगतात आणि खाण बंद करा असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु खाणीचा पट्टा, जंगलाचा कक्ष, रेतीचा ठेका आणि गावाचा तलाव यांच्या परवानग्या चार वेगवेगळ्या फायलींत निघतात आणि या चारींचा परिणाम एकाच नाल्यात उतरतो. उतारावर मोकळी माती कुठेही पडली, तरी पहिल्या मोठ्या पावसात ती खालच्या तलावाचा तळ उचलते. तळ एक मीटर वर आला की आश्विनातले ते शेवटचे पाणी जाते. एवढ्यासाठी नवा संशोधन प्रकल्प नको आहे. नाल्याच्या माथ्यापासून संगमापर्यंतच्या सगळ्या परवानग्या एका कागदावर मांडल्या तरी निर्णय घेणाऱ्याला दिसेल की तो काय करतो आहे.

असा कागद ठेवण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे, ती शोधायला लांब जायला नको. मध्य प्रदेश भू-महसूल संहिता १९५९ मधील कलम २३४ प्रमाणे प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक असते आणि कलम २४२ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज. गुरांना पाणी कुठे, वाट कोणती, सिंचनाचा व मासेमारीचा रिवाज काय, हे त्यांत लिहायचे असते. जुन्या बंदोबस्ताच्या काळापासून चालत आलेली ही सर्वांत लोकाभिमुख दप्तरे आहेत, आणि आज सर्वांत दुर्लक्षितही. दुसरीकडे, बैहरचा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात आहे. तिथे पंचायत व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांत नेणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे दिले आणि १५ नोव्हेंबर २०२२ च्या राज्य नियमांनी ग्रामसभेचा हात त्यात बळकट केला. घाट उतरला की ही तरतूद लागू होत नाही. म्हणजे पठारावरून मैदानात येणाऱ्या नाल्यांच्या बाबतीत माथ्याच्या ग्रामसभेला पाण्यावर जो अधिकार आहे तो पायथ्याच्या ग्रामसभेला नाही. हा फरक आदिवासी क्षेत्राच्या रक्षणासाठी केलेला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण त्यामुळे दोन्ही ग्रामसभांनी एकत्र बसण्याला कुठलीही कायदेशीर हरकत येत नाही. एका नाल्यावरच्या सगळ्या गावांची निस्तार पत्रके आणि वाजिब-उल-अर्ज एकत्र आणावेत, त्यांत नाल्याचे नाव, त्याच्यावरचे सगळे तलाव, पाळीच्या दुरुस्तीची जबाबदारी आणि आश्विनातल्या पाण्याच्या पाळ्यांचा क्रम नोंदवावा, आणि पाटाच्या टोकाच्या बांधीचा क्रमांक त्या यादीत पहिला लिहावा. घिसरीवर हे काम सुरू करायला तहसील कार्यालयातल्या जुन्या नोंदी आणि प्रत्येक गावातली दोन-चार जाणती माणसे एवढे पुरेसे आहे.